प्रसाद म्हणजे खाणं नव्हे

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज आलेलं सामान: लाकडी बाक तीन, उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून, अठराशेला एक. मी गेले असते तर चौदाशेत आणले असते. वजनकाटा एक, किंमत सांगितली नाही म्हणजे जास्त असणार. पाण्याचा कूलर एक, सेकंडहँड. 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' अशी पाटी एक, सहाशे रुपये. न करण्याचेसुद्धा पैसे पडतात. सोनोग्राफीचं मशीन एक. त्याचा आकडा ऐकून ह्यांनी खुर्ची धरली. म्हणाले, "एवढ्यात स्टेशनला वन रूम किचन येतो."

हे सगळं आमच्या बदलापूरच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मावलं. डॉ. इरा फणसे यांना अकरा महिन्यांच्या कराराने दिल्यात. वय चौतीस, एकट्याच आल्या, गाडी स्वतः चालवत. मला काकू म्हणाल्या. भाडं वेळेवर देणाऱ्या वाटतात. पहिल्याच दिवशी पाया पडल्या नाहीत, पण चपला बाहेर काढल्या.

शनिवार, ८ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाई बाळंतपण इथे करत नाहीत. ते अंबरनाथच्या एका नर्सिंग होममध्ये. इथे फक्त बघतात, आणि तेही सगळ्यांना नाही. ज्यांचं रक्तदाब, थायरॉइड, जुळं, आधी पडलेलं मूल असं काही अडलेलं आहे त्यांनाच. मी विचारलं, "म्हणजे धडधाकट बाईला तुम्ही बघतच नाही?"

"त्यांना बघणारे पुष्कळ आहेत काकू. मी जोखमीच्या बायकांची डॉक्टर."

माझी दोन्ही घरी झाली, कुळगावच्या सुईणीच्या हातची. तेव्हा सगळ्याच जोखमीच्या होत्या. भाडेकरूशी पहिल्या आठवड्यात वाद घालू नये.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज मनाला लागलं म्हणून लिहिते.

साखरेची तपासणी म्हणजे असं असतं. पोटुशी बाईने रात्रीपासून उपाशी यायचं. आल्यावर रक्त काढतात. मग ग्लासभर ग्लुकोजचं पाणी पाजतात आणि पुढे दोन तास बसवून ठेवतात. मधे एकदा आणि शेवटी एकदा परत रक्त. तोवर तोंडात काही घालायचं नाही. आणि बसायचं कुठे, तर आमच्या ओट्यावर.

म्हणजे माझ्या दारात, देव्हाऱ्यापासून दहा पावलांवर, दोन जिवांची बाई उपाशी. आज अशा तीन होत्या. एकीने तर डोकं भिंतीला टेकलं होतं. माझी सासू असती तर मला घरात घेतलं नसतं.

दुपारी एकवीरा आईसमोर संकल्प केला. डॉक्टरीणबाई इथे आहेत तोवर गरोदर बाई या ओट्यावरून उपाशी जाणार नाही. रोजचा नैवेद्य होतोच, तोच वाढवायचा. शिरा. तूप परवडत नाही, त्याची कसर साखरेने भरून काढायची.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

संकल्प सुरू. स्वप्नाली नावाची शाळेत शिकवणारी मुलगी होती, विठ्ठलवाडीहून आलेली. वाटी पुढे केली तर म्हणे, "काकू, मॅडमनी काही खायचं नाही सांगितलंय."

"खायला कोण देतंय? प्रसाद आहे."

"पण चालेल ना?"

"निर्जळी एकादशीला चालतो. तुझ्या ग्लुकोजला न चालायला काय झालं?"

तिने वाटी कपाळाला लावली आणि खाल्ली. वर म्हणाली, "अजून थोडा आहे?" भूक कशी असते बघा.

वाट्या मी लगेच घासून टाकते. द्रोण आणायचे नाहीत, विकतचे असतात. मी घासत होते तेव्हा आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "मधे काही खाल्लं नाही ना?" आणि स्वप्नालीचा, "नाही मॅडम, काहीच नाही."

मुलगी प्रामाणिक आहे. आवाजावरून कळतं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

ओट्यावर आज भांडण होता होता राहिलं. रक्त तपासणारा हितेश, उल्हासनगरच्या कॅम्प चारला त्याची लॅब आहे, रोज सकाळी मोटरसायकलवर येतो, मला आंटी म्हणतो. डॉक्टरीणबाई त्याला म्हणाल्या, "हितेश, हे शक्य नाही. उपाशीपोटीची साखर नॉर्मल, आणि दोन तासांनी दोनशे? एकीची नाही, सगळ्यांची?"

"मॅडम, मशीन एकदम ओके आहे. परसोंच कॅलिब्रेट केलाय. मी स्वतःची पण करून बघितली, माझी बरोबर आली."

"तू गरोदर आहेस का?"

"नाही मॅडम."

"मग तुझी राहू दे."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आंटी, तुम्हीच सांगा, मी नंबर घरून आणतो का?" मी त्याला चहा दिला. बिनसाखरेचा मागतो. लॅबवाला असून स्वतःची काळजी घेतो हे चांगलं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी रक्त दोन ठिकाणी पाठवलं, अर्धं हितेशकडे आणि अर्धं कल्याणच्या मोठ्या लॅबला. दोन्हीकडचे आकडे सारखे आले. हितेश ओट्यावर उभा राहून मोठ्याने म्हणाला, "देख लिया ना?" मग हळूच, "सॉरी मॅडम."

आता त्यांना वाटतंय हे इथल्या खाण्यापिण्याचं आहे. पॉलिशचा तांदूळ, वडापाव, शिफ्टमुळे अवेळी जेवण. त्या लिहून काढताहेत, पुण्याला डॉक्टरांची परिषद आहे तिथे वाचणार. रात्री उशिरापर्यंत पंखा चालू असतो. वीज वेगळ्या मीटरवर आहे, म्हणून मी काही म्हणत नाही.

संध्याकाळी त्यांना नैवेद्याचा शिरा नेऊन दिला. दमलेल्या दिसत होत्या. एक चमचा खाल्ला आणि डोळे मिटले. "काकू, रोज करता?"

"रोज."

"एकदा तुमची साखर तपासून घ्या."

"मी चाखतसुद्धा नाही. देवाचा असतो."

हसल्या. पहिल्यांदाच हसताना पाहिल्या.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज विठा आली. चोवीस वर्षांची, हडकुळी, पोट तेवढं पुढे. अकोले तालुक्यातल्या डोंगरातली. नवरा सनी अंबरनाथ एमआयडीसीत कंत्राटावर आहे. आधीची दोन पडली, म्हणून डॉक्टरीणबाईंकडे पाठवलंय. सहावा संपत आला.

तिला विचारलं, "सकाळपासून पोटात काय गेलं?"

"त्ये लिंबासारखं गोड पानी. दुसरं काय न्हाय. डोळ्यापुढं काजवं चमकाया लागल्यात."

तिला दोन वाट्या दिल्या, एक तिची आणि एक पोटातल्याची. खाताना रडली. आईची आठवण येते म्हणाली. मीही जरा डोळे पुसले. मग कढई घासायला घेतली.

शुक्रवार, ५ डिसेंबर

विठाची साखर सगळ्यांत जास्त निघाली. डॉक्टरीणबाईंनी आठवडाभर पथ्य दिलं, ज्वारीची भाकरी, डाळ, भाजी, भात मोजून. तिने ते अक्षर न् अक्षर पाळलं. आज जेवून दोन तासांनी रक्त द्यायला आली, ओट्यावर बसली, प्रसाद घेतला. परत जास्त.

आता पोटावर टोचायचं इंजेक्शन, रोज, बाळंतपणापर्यंत. इन्शुलिन. डॉक्टरीणबाईंनी तासभर बसून शिकवलं. घाम आला, हात थरथरले, तर लगेच साखर खायची हेही सांगितलं. बाहेर आली तर पोरगी पांढरीफटक.

"काकू, मी न्हाई टोचून घेनार. पोटावरच! बाळाला लागंल."

"लागत नाही. कातडीला टोचतात."

"मी गपचूप घेनारच न्हाई. मॅडमला कोन सांगनार हाय?"

मी तिला हाताला धरून देव्हाऱ्यासमोर नेलं. अक्षता हातात दिल्या आणि शपथ घातली. मूल मांडीवर येईपर्यंत एक दिवस इंजेक्शन चुकवणार नाही, कुणीही काही सांगितलं तरी. तिने अक्षता आईच्या पायावर टाकल्या आणि म्हणाली, "न्हाई चुकवनार."

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "काकू, माझ्या तासाभराच्या बोलण्याने झालं नसतं ते तुम्ही केलंत."

त्या पायऱ्या उतरताना मी पाहिलं, एका पायात पांढरा मोजा, एका पायात निळा. आई लांब आहे त्यांची. उद्यापासून सकाळचा चहा मीच देणार.

मंगळवार, १६ डिसेंबर

आज एकवीरा आईचा प्रत्यय आला.

विठा सकाळी आली तीच भिंत धरत. हात थरथरत होते, घामाने ब्लाउज भिजलेला, बोलणं अडखळत. मी धावत प्रसाद आणला, चमच्याने भरवला. पाच-दहा मिनिटांत पोरगी टुणटुणीत. म्हणाली, "काकू, घरी बी असंच हुतं. पन तिथं तुमचा परसाद नसतो."

"मग साखर का नाही खात? मॅडमनी सांगितलंय ना."

"साखर इखच हाय म्हनाल्या माझ्यासाठी. मला भ्या वाटतं."

मग रक्त दिलं. इंजेक्शन चालू असूनही साखर जास्त. डॉक्टरीणबाई बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. शेवटी डोस वाढवला. त्यांना प्रत्ययाचं सांगणार होते, पण त्यांचा या गोष्टींवर विश्वास नसतो.

रविवार, २१ डिसेंबर

विठा माहेरी गेली. सातवा भरला, पहिलं टिकलेलं पोट, आई न्यायला आली होती. मु. पो. आंबेखिंड, तालुका अकोले. पत्ता मी लिहून घेतलाय, कारण तिथे फोनला रेंज नाही. सनीचं कंत्राट संपलं, तो वापीला जायचा आहे, त्याचाही नंबर बदलणार.

डॉक्टरीणबाई आज पुण्याला. त्यांनी कालच औषध, सुया, चिठ्ठी सगळं बांधून दिलं होतं आणि तिथल्या आरोग्य केंद्रात दर आठवड्याला दाखवायला सांगितलं होतं. फ्रीज नाही, तर बाटली माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवायची.

मी तिला सुक्या प्रसादाची पुडी दिली, साखर-खोबरं-सुंठ. म्हटलं, "हात थरथरले की चिमूटभर तोंडात टाक आणि आईचं नाव घे. संपली की कळव, पोस्टाने पाठवीन." तिने पुडी कनवटीला खोचली. जाताना पुन्हा म्हणाली, "शपथ लक्षात हाय काकू."

मंगळवार, २३ डिसेंबर

ह्यांचे चुलतभाऊ मधू गेले. ब्याण्णव वर्षांचे होते, त्यामुळे दुःख बेताचंच. पण सुतक आलं. देव्हाऱ्यावर पडदा टाकला. पूजा नाही, नैवेद्य नाही. ओट्यावर आज चार बाया उपाशी बसल्या होत्या. मी खिडकीतून बघत राहिले. हात बांधलेले.

ह्यांनी विचारलं, "चहा-बिस्कीट तरी दे."

"डॉक्टरीणबाईंनी खायला मनाई केलीय," मी म्हटलं. "नियम मोडून कसं चालेल?"

बुधवार, ३१ डिसेंबर

चमत्कारच म्हणायचा. आठ दिवसांत एकीचीही साखर वाढलेली नाही. स्वप्नाली परत तपासायला आली होती, तिचीसुद्धा नॉर्मल. हितेश मोटरसायकलवरून उतरायच्या आधीच ओरडत आला, "मॅडम, सब क्लिअर!" डॉक्टरीणबाईंना आनंद व्हायला हवा. त्या उलट जास्तच गंभीर झाल्या. पुण्याला वाचलेला कागद टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत होत्या.

ह्यांचं म्हणणं, थंडीने साखर उतरत असेल.

सोमवार, ५ जानेवारी

सुतक फिटलं. घर धुतलं, देव उजळले. शिरा केला, बारा दिवसांची कसर भरून काढायची म्हणून साखर जास्तच. आठ बाया होत्या. सगळ्यांना पोटभर.

शनिवार, १० जानेवारी

नीट लिहून ठेवते.

दुपारी शेवटची बाई गेल्यावर डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात आल्या. पहिल्यांदाच आत आल्या. पाटावर बसल्या. म्हणाल्या, "काकू, सोमवारपासून सगळ्यांची परत वाढली. मधले बारा दिवस सगळं बरोबर होतं. हितेश तोच, मशीन तेच, बायका त्याच. त्या बारा दिवसांत इथे काय वेगळं होतं?"

"काही नाही. सुतक होतं."

"सुतकात काय होतं?"

"होत काही नाही. बंद असतं."

"काय बंद असतं?"

"देव. पूजा, नैवेद्य, प्रसाद."

त्यांनी गॅसवरच्या कढईकडे पाहिलं. मग धुतलेल्या वाट्यांच्या चळतीकडे. मग माझ्याकडे.

"काकू, प्रसाद कुणाला देता?"

"ओट्यावरच्यांना. दुसरं कोण येतं इथे?"

"कधी? ग्लुकोज प्यायल्यानंतर?"

"नंतरच. आधी कसा देणार, आधी तर उपाशीपोटी रक्त काढायचं असतं." तेवढं मला समजतं.

"किती जणींना?"

"मी कुणालाही उपाशी ठेवलं नाही," मी म्हटलं.

त्यांनी पाणी मागितलं, दिलं, प्यायल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी प्रत्येकीला विचारलं होतं. काही खाल्लं का. प्रत्येकीने नाही म्हटलं."

"मग खरंच सांगितलं त्यांनी. प्रसाद म्हणजे खाणं नव्हे."

हे बोलले आणि माझाच आवाज मला कसासा ऐकू आला. पावशेर रवा, त्याला पावशेर साखर. वाटीत काय होतं ते मला माहीत नाही असं कसं म्हणू? मीच तर मोजून घालत होते.

त्या एकदम उठल्या. "विठा," म्हणाल्या.

"तिला दोन वाट्या द्यायचे," मी सांगितलं. विचारायच्या आतच सांगितलं.

मग त्यांनी समजावलं, न ओरडता. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. विठाला साखर नसेल तर ते इंजेक्शन तिच्या अंगातली आहे तीही साखर खाली नेतं. थरथर, घाम ही त्याचीच खूण. फार खाली गेली तर बाई बेशुद्ध पडते, आणि वेळेत कुणी पाहिलं नाही तर उठत नाही. बाळही. इथे निदान माझा शिरा होता. तिथे रोज पथ्याची भाकरी आणि वाढवलेला डोस.

हे दारातून म्हणाले, "तरी म्हटलं, शिऱ्याला एवढी साखर कशाला." मी त्यांना ताट वाढलं नाही. स्वतः घेतलं त्यांनी.

रविवार, ११ जानेवारी

डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना फोन केले. पथ्यावर बारा जणी आहेत, इंजेक्शनवर विठा एकटीच. प्रत्येकीला स्वतः सांगितलं की तपासणीत चूक झाली, परत या. कुणाची चूक ते सांगितलं नाही. पुण्यालाही फोन करून आपलं वाचलेलं मागे घेतलं. तिकडून कोणीतरी काहीतरी बोललं असावं, कारण त्या बराच वेळ फक्त "हो सर, हो सर" म्हणत होत्या.

हितेशला बोलावून त्याची माफी मागितली. तो माझ्याकडे बघत राहिला. "आंटी, शिरा?" मग म्हणाला, "मला तर कधी दिला नाही."

"तू गरोदर नव्हतास," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

विठाचा फोन लागत नाही. सनीचा बंद. आरोग्य केंद्रात फोन उचलला, आंबेखिंडच्या आशाताईला विठाच्या घरी पाठवतो म्हणाले. विठा तिथे तपासायला एकदाही गेलेली नाही.

सोमवार, १२ जानेवारी

नैवेद्य केला नाही. देवीला फूल लावून कौल मागितला, माझं चुकलं का. फूल पडलं नाही. उजवं नाही, डावं नाही. संध्याकाळी मीच काढून ठेवलं.

मंगळवार, १३ जानेवारी. भोगी.

दुपारी आशाताईचा फोन आला, टेकडीवर चढून लावला होता, धापा ऐकू येत होत्या. डॉक्टरीणबाईंनी स्पीकर लावला.

विठा जिवंत आहे. हे आधी लिहिते.

दोनदा पडली. एकदा विहिरीवर, एकदा चुलीपाशी. दोन्ही वेळा आईने कनवटीची पुडी सोडून चिमूट तोंडात घातली म्हणून उठली. पुडीत आता तळाला थोडंसं आहे. तो प्रसाद होता म्हणून खाल्ला, साखर म्हणून दिली असती तर तोंड उघडलं नसतं.

"मग इंजेक्शन बंद केलं ना?" डॉक्टरीणबाई.

"कशाची बंद करतीया म्याडम! मी बाटली मागितली तर लपवून ठिवली. म्हन्ती, देवीम्होरं शपथ हाय, कुनी बी सांगितलं तरी चुकवायचं न्हाई. मी म्हटलं, अगं तुजी डाक्टरच सांगतीया. तर म्हन्ती, डाक्टरनं शपथ घातलीच न्हाई. बदलापूरच्या काकूनी घातलीया."

सगळे माझ्याकडे वळले.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, बोला. फोनमध्ये बोला, त्या रेकॉर्ड करून तिला ऐकवतील." मी बोलले. शपथ सोडली म्हणाले, बाटली देऊन टाक म्हणाले. आशाताई खाली गेली, दीड तासाने पुन्हा वर आली. विठाने ऐकलं. म्हणाली, आवाज काकूंचाच, पण शपथ अक्षतांवर घेतली होती, बोलून कशी सुटंल.

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मी नाही लावला. तिचं बरोबर आहे. मीच शिकवलंय.

ठरलं असं. उद्या पहाटे हितेश त्याच्या मित्राची गाडी घेऊन आंबेखिंडला जाणार. बोटाला टोचून साखर बघायचं छोटं मशीन घेऊन. पेट्रोलचं विचारलं तर म्हणाला, "आंटी, हिशेब बाद में." बरोबर माझं पत्र आणि अक्षता. मी येते म्हटलं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही. उद्या सगळ्या बायका परत तपासायला येताहेत. रक्त मी काढणार. तुम्ही ओट्यावर बसायचं, आणि कुणी तोंडात काही घालणार नाही हे बघायचं."

"उद्या संक्रांत आहे. सगळ्यांच्या पर्सेत तिळगूळ असणार."

"म्हणूनच तुम्हाला बसवतेय."

आज देव्हाऱ्यासमोर तेच तबक घेतलं, तेच तांदूळ, कुंकू. विठाची शपथ माझ्याकडे घेतली. काही फेडायचं असेल तर मी फेडीन असं आईला सांगितलं. फूल लावलं नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पत्राची नक्कल इथे ठेवते.

चि. सौ. विठा हिस,

संजीवनीकाकूचे अनेक आशीर्वाद. हे पत्र आणणारा हितेश आपला माणूस आहे, तू त्याला ओळखतेस, तोच जो रक्त काढताना तुला गोष्टी सांगायचा. सोबतच्या कागदात अक्षता आहेत, ज्यांच्यावर तू हात ठेवला होतास त्याच तबकातल्या. त्या कपाळाला लाव. तुझी शपथ मी घातली होती, मी सोडवून घेतली आहे. ती आता माझ्याकडे आहे. तुझ्यावर काही राहिलं नाही. पत्र वाचून होताच बाटली आणि सुया हितेशच्या हातात द्यायच्या. उद्यापर्यंत थांबायचं नाही.

बाई, तुला साखर नाही. कधीच नसावी. तुझ्या रक्तात सापडली ती माझ्या वाटीतली होती. डॉक्टरीणबाईंची चूक नाही, हितेशची नाही, तुझी तर नाहीच. तुला विचारलं काही खाल्लं का, तू नाही म्हणालीस, कारण मी तुला तसं सांगितलं होतं. मी आता शिकले ते तूही ऐक. प्रसाद हेसुद्धा खाणंच. पोटात जातं ते रक्तात जातं, देवाचं असो की आपलं. पुढे कुणी डॉक्टर विचारतील तेव्हा प्रसादसुद्धा सांगायचा. देवी रागावत नाही. रागावली तर माझ्यावर रागावेल.

हात थरथरले तर पुडीची वाट बघू नको. साधी साखर, गूळ, जे हाताशी असेल ते खा. ते तुझ्यासाठी विष नाही. हितेश बोटाला टोचेल, भिऊ नको, पोटाला नाही. सोबत तिळगूळ पाठवत होते, डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, तपासून झाल्यावर दोन खाऊ दे. म्हणून दोनच आहेत. आईला एक दे.

भात पोटभर खा.

तुझ्याकडे फोन लागत नाही, तेव्हा हा हितेशच माझं टपाल. तो थांबेल, त्याला चहा बिनसाखरेचा दे आणि तोवर दोन ओळी लिही: बाटली दिली का, आणि बाळ हलतंय का. दुसरं काही नको. मी संक्रांतीला दिवसभर ओट्यावर बसून आहे, आणि तुझी ओळ येईपर्यंत माझ्या तोंडात काही जाणार नाही, प्रसादसुद्धा नाही. उलट टपाली कळव.